ओतेल द सुली : दिसणारी वास्तू किती सतराव्या शतकाची?

वास्तुकलेच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : पॅरिसच्या मारे भागातील ओतेल द सुली हा वाडा सतराव्या शतकातील सरदारी घराचा उत्तम नमुना म्हणून दाखवला जातो, परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रांत त्याच वाड्याच्या रस्त्याकडील अंगाला दुकाने दिसतात आणि दरवाजावर मागाहून चढवलेले बांधकाम दिसते. मग आज उभी असलेली वास्तू अस्सल मानावी की विसाव्या शतकात नव्याने घडवलेली? आणि ती प्रत्यक्ष पाहताना नेमके काय पाहावे?

माझे उत्तर असे की, या वाड्याची मांडणी, त्याच्या मुख्य भिंती आणि त्याचे शिल्पकार्य यांचे मूळ निःसंशय सतराव्या शतकात आहे. परंतु तो आज जितका एकसंध दिसतो, तितका एकसंध दिसणे हा विसाव्या शतकातील संवर्धकांनी घेतलेला निर्णय आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्यांतील एकच ध्यानात ठेवली, तर वास्तूही नीट समजत नाही आणि तिच्यावर झालेले कामही समजत नाही.

आधी जागेविषयी सांगतो. हा वाडा र्यू सें-आंत्वान या रस्त्यावर ६२ क्रमांकाला आहे. मध्ययुगीन पॅरिसमधील हा रस्ता असामान्य रुंद होता आणि म्हणूनच राजघराण्याचे समारंभ व घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याचे सामने तेथे भरत. १५५९ साली अशाच एका सामन्यात राजा दुसरा हेन्री जबर जखमी झाला आणि काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर त्याची विधवा राणी कातरीन द मेदिची हिने शेजारचा तुर्नेल हा राजवाडा पाडून टाकण्याची आज्ञा दिली. त्या मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुढे चौथ्या हेन्रीने १६०५ साली एक चौरस चौक आखला. १६१२ साली त्याचे उद्घाटन झाले, तेव्हा त्याचे नाव प्लास रोआयाल होते. आज तो प्लास दे व्होज या नावाने ओळखला जातो. सुमारे १४० मीटर बाजूच्या या चौकाभोवती विटा आणि दगड यांच्या आलटून-पालटून मांडणीची, उतरत्या स्लेटच्या छपरांची एकसारखी घरे उभी राहिली आणि आसपासच्या जमिनीला एकाएकी मोल आले. आपला वाडा याच लाटेत उभा राहिला.

बांधून घेणारा सरदार नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवे. मेम गाले हा राजाच्या वित्तखात्यातील श्रीमंत अधिकारी होता. त्याने १६२४-२५च्या सुमारास काम सुरू केले आणि १६३०च्या सुमारास ते पूर्णत्वाला गेले. आराखडा जां आंद्रुए द्यु सेर्सो याचा मानला जातो. फ्रान्समधील थोर वास्तूंचे कोरीव आराखडे सोळाव्या शतकात प्रसिद्ध करणारा जाक आंद्रुए द्यु सेर्सो हा त्याचा आजोबा, आणि फोंतेनब्लो राजवाड्याचा घोड्याच्या नालासारखा वळलेला प्रसिद्ध जिना ही जांचीच कृती. म्हणजे घरात तीन पिढ्यांची विद्या होती आणि जुन्या दरबारी शैलीतील अलंकरणाचा वारसाही होता. गालेच्या हातात मात्र हे घर टिकले नाही. १६३४ साली ते माक्सिमिलियें द बेत्युन, म्हणजे सुलीचा ड्यूक, याने विकत घेतले.

सुली हा चौथ्या हेन्रीचा अर्थमंत्री होता. रस्ते, पूल, किल्ले आणि राजाची बांधकामे हीदेखील त्याच्याच अखत्यारीत होती. १६१० साली राजाचा खून झाल्यावर तो कारभारातून बाहेर पडला. सत्तरी ओलांडल्यावर त्याने घेतलेल्या या घराची बाग ज्या चौकाच्या इमारतींच्या पाठीला जाऊन भिडते, तो चौक त्याच्याच कारकिर्दीत आखला गेला होता. १६४१ साली तो वारला. म्हणजे जेमतेम सात वर्षे त्याला या घराचा उपभोग मिळाला, पण नाव कायमचे त्याचे राहिले.

आता रचनेकडे वळू, कारण या वाड्याचे खरे वैभव तेथे आहे. फ्रान्समधील शहरी सरदारी घराचा, ज्याला तिकडे ओतेल पार्तिक्युलिए म्हणतात, सतराव्या शतकात एक साचा पक्का झाला होता : रस्त्याला लागून दरवाजा, त्यामागे दगडी फरसबंदीचे अंगण, अंगणाच्या दोन्ही बाजूंना पाखे, म्हणजे मुख्य घराला जोडलेले लांबट बाजूचे भाग, समोर मुख्य घर, आणि मुख्य घराच्या पाठीमागे बाग. मराठी वाचकाला हे समजायला पुण्याचा वाडा जवळचा आहे, पण त्यातील फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे दिंडी दरवाजा आणि देवडी ओलांडली की चौक लागतो आणि घर त्या चौकाला चारही बाजूंनी कवेत घेते. घरातील स्त्रियांचा, मुलांचा, देवकार्याचा वावर त्या चौकातच असतो. फ्रेंच अंगण हे घराबाहेरचे आहे. तेथे घोडागाड्या येत, पाहुणे उतरत, नोकर धावपळ करत. घरमालकाचे खासगी मोकळे आकाश म्हणजे मागची बाग. त्यामुळे मुख्य घराला दोन चेहरे असतात आणि ते दोन वेगळ्या प्रेक्षकांसाठी घडवलेले असतात.

ओतेल द सुलीमध्ये हे क्रमाक्रमाने उलगडत जाते. रस्त्यावर दोन उंच, भारदस्त इमारती आहेत आणि त्यांच्या मधे त्यांच्यापेक्षा बराच ठेंगणा दरवाजा आहे. दरवाजावरची जागा मोकळी असल्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही मागच्या अंगणावरचे आकाश आणि मुख्य घराचे छप्पर जाणवते. मूळ रचनेतील ही मोकळी जागाच एकोणिसाव्या शतकात भरून टाकली गेली होती, त्याविषयी पुढे येईनच. अंगणात शिरल्यावर उभ्या रेषा वाढतात : उंच खिडक्या, त्यांवरचे कोरीव शिरोभाग, आणि छपरात बसवलेल्या दगडी खिडक्यांची नक्षीदार शिखरे. भिंतीचा फारच थोडा भाग कोरा ठेवलेला आहे. १६२०च्या दशकात पॅरिसमधील अभिरुची हळूहळू संयमी, मोजक्या रेषांच्या वास्तूकडे झुकत होती. द्यु सेर्सो मात्र अलंकरणात मुळीच हात आखडत नाही. काही इतिहासकार याला मागासलेपण म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. नव्या संपत्तीला जुन्या दरबाराची भाषा हवी होती आणि ती अस्खलित बोलणारा स्थपती तिला मिळाला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

शिल्पांचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. अंगणात दोन्ही बाजूंच्या पाख्यांवर पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी ही चार तत्त्वे मानवी रूपात आहेत. समोरच्या मुख्य घरावर शरद आणि हेमंत आहेत. वसंत आणि ग्रीष्म शोधूनही अंगणात सापडणार नाहीत, कारण ते बागेकडील दर्शनी भागावर आहेत. ऋतुचक्र पुरे होण्यासाठी पाहणाऱ्याला घर ओलांडून पलीकडे जावेच लागते. जवळच असलेल्या कार्नाव्हाले या सोळाव्या शतकातील वाड्याच्या अंगणात चारही ऋतू एकाच भिंतीवर ओळीने उभे आहेत. तेथील कल्पना सुलीच्या स्थपतीने उचलली आणि ती घराच्या दोन्ही बाजूंना वाटून तिला चालण्याचा अर्थ दिला. शिल्प आणि नकाशा यांची अशी सांगड मी फार थोड्या घरांत पाहिली आहे.

घराच्या आतली मांडणी मात्र जुन्या वळणाची आहे. जिना नेमका मुख्य घराच्या मध्यभागी आहे. तो सरळ चढणाऱ्या दोन टप्प्यांचा, दगडी, कोरीव छताखालचा जिना अतिशय देखणा आहे, परंतु तो मध्येच आल्यामुळे पहिल्या मजल्यावरील दालनांची रांग दोन भागांत तुटते. त्याच सुमारास पॅरिसमधील ओतेल द राम्बुये या सरदारी घरात, १६२०च्या आसपास, तेथील मालकिणीने जिना एका बाजूला सरकवून दालने एकापाठोपाठ एक सलग जोडून घेतली होती, आणि पुढची दीडशे वर्षे फ्रेंच घरे त्याच मार्गाने गेली. सुलीच्या वाड्यात बाहेरून वैभवाची परिसीमा आहे आणि नकाशा मात्र आदल्या पिढीचा आहे. त्याचा एक फायदाही झाला : मुख्य घराची रुंदी एकाच दालनाएवढी असल्यामुळे खोल्यांना अंगणाचा आणि बागेचा असा दोन्हीकडून उजेड मिळतो.

बागेच्या टोकाला ओरांजरी आहे, म्हणजे कुंड्यांतील संत्र्याची झाडे हिवाळ्यात आत ठेवण्यासाठी बांधलेली कमानदार ओवरी. ती वाड्याच्या उत्तर टोकाला आहे आणि तिच्या कमानी दक्षिणेकडे, बागेकडे, उघडतात. पॅरिसच्या हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली झुकलेला असतो आणि झाडांना जगवायचे तर तोच उजेड हवा, हे ध्यानात घेतले म्हणजे या सुंदर कमानींमागे माळ्याची गरज उभी आहे हे कळते. तिच्या कोपऱ्यातील लहान वाटेने बाहेर पडले की माणूस थेट प्लास दे व्होजच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात येतो.

सुलीच्या नातवाने, म्हणजे दुसऱ्या ड्यूकने, १६६०च्या सुमारास बागेच्या पश्चिमेला एक पाखा वाढवला. त्याचा स्थपती फ्रांस्वा ल व्हो. व्हर्सायचे काम करणारा लुई ल व्हो हा त्याचा भाऊ. या पाख्यात डचेससाठी दालने सजवली गेली, त्यांतील रंगवलेली छते अजून पाहायला मिळतात. हा पाखा मूळ घराची सममिती मोडतो. तरीही विसाव्या शतकातील जीर्णोद्धारात तो हटवण्याचा प्रश्न उद्भवला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. याच घराच्या दाराशी १७२६ साली व्हॉल्टेअरला मारहाण झाली. तो तेव्हाच्या ड्यूककडे जेवायला आला होता. रोआं घराण्यातील एका सरदाराशी त्याची पूर्वी शाब्दिक चकमक झाली होती, आणि त्या सरदाराच्या नोकरांनी त्याला बाहेर बोलावून काठ्यांनी झोडपले. घरच्या यजमानाने त्याची बाजू घेतली नाही. दाद मागण्याच्या आग्रहामुळे व्हॉल्टेअरची रवानगी बास्तीयच्या तुरुंगात झाली आणि तेथून तो इंग्लंडला गेला.

आता वास्तूच्या ऱ्हासाकडे आणि उद्धाराकडे येतो. १६८२ साली दरबार व्हर्सायला गेला, अठराव्या शतकात सरदारांनी सेन नदीच्या पलीकडे आणि शहराच्या पश्चिमेला नवी घरे बांधली आणि मारे भाग मागे पडत गेला. एकोणिसाव्या शतकात ओतेल द सुली हे भाड्याने देण्याचे घर झाले. दुकाने आली, कारागिरांच्या कामाच्या जागा आल्या, दालनांचे तुकडे झाले, दरवाजावरची मोकळी जागा बांधकामाने भरली. १८६२ साली वास्तू ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर झाली तरी भाडेकरू आणि दुकाने तेथेच राहिली. १९४४ साली शासनाने ती विकत घेतली आणि त्यानंतर सुरू झालेला जीर्णोद्धार १९७०च्या दशकापर्यंत चालला. दरम्यान, १९६७ साली राष्ट्रीय स्मारकांचा कारभार पाहणारी संस्था या वाड्यात आली. २०००पासून ती सांत्र दे मोन्युमां नास्योनो या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय येथेच आहे.

प्रश्नाचा गाभा येथे आहे. जीर्णोद्धारात एकोणिसाव्या शतकातील भर काढून टाकली गेली, पण १६६०चा पाखा ठेवला गेला. एक कालखंड ठेवण्याजोगा आणि दुसरा काढण्याजोगा, हे कशावरून ठरले? जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे मांडणाऱ्या १९६४च्या व्हेनिस सनदेचे अकरावे कलम सांगते की, वास्तूत सर्व काळांनी घातलेल्या रास्त भरीचा आदर राखावा आणि शैलीची एकसंधता हे जीर्णोद्धाराचे ध्येय असू नये. मात्र काढायचा भाग फारसा महत्त्वाचा नसेल आणि त्याखालून उघड होणारा भाग इतिहासदृष्ट्या, पुरातत्त्वदृष्ट्या किंवा सौंदर्यदृष्ट्या मोठ्या मोलाचा असून सुस्थितीत असेल, तर अपवाद करता येतो. या कसोटीवर दरवाजावरील बांधकाम काढणे मला योग्य वाटते. तेथे मोकळी जागा असणे ही शोभेची बाब नव्हती. रस्ता, अंगण, घर आणि बाग यांना जोडणारी दृष्टिरेषा तिच्यावर अवलंबून होती, आणि ती बंद झाल्यावर वाड्याचा नकाशा कागदावर उरला होता, डोळ्यांना दिसत नव्हता. शिवाय दोन्ही बाजूंच्या मूळ इमारती जागेवर होत्या. नव्याने कल्पून काही उभारावे लागणार नव्हते.

तरीही माझी एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. या वाड्यात सरदार जितकी वर्षे राहिले, जवळजवळ तितकीच वर्षे दुकानदार, कारागीर आणि भाडेकरू राहिले. त्यांच्या काळाची जी खूण आज वास्तूत शिल्लक आहे, ती जवळजवळ शून्य आहे. हीच गोष्ट संपूर्ण मारे भागात घडली. ४ ऑगस्ट १९६२चा कायदा, जो तत्कालीन सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जातो, त्यामुळे एकट्या स्मारकाऐवजी अख्ख्या वस्तीचे जतन करता येऊ लागले. १९६४ साली मारेचा १२६ हेक्टर भाग त्याखाली आला आणि पाडापाडीपासून वाचला. हे ऋण फार मोठे आहे. परंतु त्याच धोरणाखाली अंगणांतील छपऱ्या, कामाच्या जागा, मागाहून चढवलेले मजले खरवडून काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले आणि त्यांबरोबर तेथे राबणारी माणसेही गेली. या भागाचा जतन आराखडा १९९६ साली मंजूर झाला आणि २०१३ साली त्याची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील बांधकामांना पूर्वीपेक्षा अधिक मान मिळाला. सुलीच्या वाड्याचे काम आज हाती घेतले असते, तर दरवाजावरची जागा बहुधा मोकळी केलीच असती, पण भाडेकरूंच्या काळातील एखादी खोली, एखादे दुकानाचे दार अभ्यासपूर्वक राखले असते असे मला वाटते. निदान पाडण्यापूर्वीच्या नोंदी तरी अधिक काटेकोर झाल्या असत्या.

अस्सलपणा दगडातही तपासता येतो आणि विद्यार्थ्यांनी तो तेथेच तपासावा असा माझा आग्रह असतो. पॅरिसच्या जुन्या वास्तू मऊ, फिक्या चुनखडीच्या आहेत आणि त्यांची दर्जभरणी, म्हणजे दगडांच्या सांध्यांतील भरण, चुन्याची आहे. कोळशाच्या धुरातील गंधकयुक्त वायू आणि ओलावा यांच्यामुळे या दगडाच्या पृष्ठभागाचे जिप्सम बनते, त्यात काजळी अडकते आणि जेथे पावसाचे पाणी पोहोचत नाही अशा खोबणींत काळा थर जमतो. मालरोंच्या काळात पॅरिसच्या दर्शनी भागांची जी मोठी स्वच्छता झाली, तिने शहराला पुन्हा त्याचा फिका, मधाळ रंग दिला. पण चुनखडीवर वाळूचा मारा केला तर काळ्या थराबरोबर दगडाची कालांतराने कठीण झालेली वरची कातडीही निघून जाते आणि कोरीव रेषा बोथट होतात. म्हणून आता नाजूक भागांवर पाण्याचा सूक्ष्म फवारा, शोषक लेप किंवा लेसर वापरतात. अंगणातील शिल्पे पाहताना नाकाडोळ्यांच्या रेषा, वस्त्रांच्या चुण्यांचे खोल भाग आणि पावसाला उघडे असलेले खांदे यांची तुलना करावी. सर्वत्र धार सारखीच तीक्ष्ण असेल तर तो भाग नव्याने कोरलेला असण्याची शक्यता मोठी असते. बदललेला दगड सांध्यावरून आणि रंगाच्या सूक्ष्म फरकावरून ओळखता येतो. छिन्नीच्या खुणा मूळ दगडावर अनियमित असतात, यंत्राने कापलेल्या दगडावर त्या नसतात किंवा मुद्दाम काढलेल्या असतात.

चुन्याच्या जागी सिमेंट भरणे ही चूक आपल्याकडे महाराष्ट्रातही सर्रास होते, म्हणून तिच्याविषयी दोन वाक्ये अधिक लिहितो. चुना भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट तिला अडवते, मग ती ओल दगडातूनच वाट काढते, बरोबर क्षार आणते आणि ते क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साचून त्याचे पापुद्रे काढतात. चुनखडीसारख्या सच्छिद्र दगडात हे नुकसान लवकर दिसते. आपल्या बेसॉल्टमध्ये दगड तगून राहतो, पण त्यामागचा भराव, विटा आणि लाकूड कुजत जाते, त्यामुळे धोका उशिरा कळतो.

एक सूचना शेजारच्या चौकाविषयी. प्लास दे व्होजवरील काही दर्शनी भागांवर दिसणाऱ्या विटा खऱ्या नाहीत; गिलाव्यावर विटांचा रंग आणि सांधे रंगवलेले आहेत, आणि ही युक्ती जुनीच आहे. एकसारखेपणाची सक्ती होती आणि खर्च वाचवायचा होता. सुलीच्या वाड्यातील घडीव दगड पाहून लगेच त्या भिंती पाहिल्या, तर राजाच्या चौकापेक्षा वित्त अधिकाऱ्याच्या घरात अधिक महाग साहित्य गेले होते हे स्पष्ट दिसते.

प्रत्यक्ष भेटीसाठी : र्यू सें-आंत्वानच्या दरवाजानेच आत जावे. बरेच पर्यटक प्लास दे व्होजच्या कोपऱ्यातून बागेत शिरतात आणि वाडा उलटा पाहतात, त्यामुळे ऋतूंचा क्रम आणि अंगणाचा प्रभाव दोन्ही हरवतात. अंगण आणि बाग पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. तळमजल्यावरील पुस्तकांच्या दुकानात जाऊन वर पाहावे, तेथील लाकडी तुळया आणि वासे जुन्या पद्धतीने रंगवलेले आहेत. वरच्या दालनांत कार्यालये असल्यामुळे ती एरवी सहसा पाहता येत नाहीत. सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या वारसा दिनांच्या सुमारास जाणे शक्य असेल तर ती पाहण्याची संधी शोधावी. त्यानंतर काही मिनिटे चालून कार्नाव्हाले गाठावे. तेथे शहराच्या इतिहासाचे संग्रहालय १८८०पासून आहे, सोळाव्या शतकातील अंगण जागेवर आहे, फ्रांस्वा मांसार या स्थपतीने १६६०च्या दशकात केलेले फेरफार आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील भरही आहे. सर्व थर राखलेला तो वाडा आणि एक थर उतरवलेला हा वाडा एकाच दिवशी पाहिले, तर तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे दगडात पाहायला मिळतील. मोजपट्टी आणि वही बरोबर ठेवा. दोन्ही अंगणांची रुंदी आणि समोरच्या भिंतीची उंची यांचे गुणोत्तर काढून पाहिले तर सुलीचे अंगण इतके भरगच्च का वाटते ते आकड्यांतही दिसेल.